गोड हिरवं पाणी

माझं माहेर खामगावचं. वडील जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. सातवीपर्यंत शिकून मी डोणगावला नांदायला आले, ते भाजीपाला लावणाऱ्यांच्या घरात. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, दोडके. घरात माणसं मोजून चार. मी, माझे मालक, सासूबाई, आणि मालकांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते.

भासरे फौजेत ड्रायव्हर होते. चीनची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पेन्शन मिळण्याइतकी नोकरी न करताच ते घरी आले होते, आणि का आले हे घरात कुणी विचारलं नव्हतं. लग्नाचा विषय निघाला की ते ताटावरून उठून जात. आमच्याकडे तेव्हा धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, अशी रीत. दोन वर्षं मी त्या माणसाबरोबर एका छपराखाली राहिले ती त्यांच्या आवाजांवर. खोकला, बुटांचा आवाज, खिशातल्या किल्ल्या. ते ओसरीवर आले की मी पदर घेऊन आत व्हायची. निरोप द्यायचा तर सासूबाईंमार्फत.

मेहकरच्या बाजारात भाजी न्यायला त्यांनी फौजेनं लिलावात काढलेली एक जीप आणली होती. तिच्याबरोबर दोन सीलबंद डबेही आले. त्यांत हिरवी दवा होती. ती ते गाडीच्या रेडिएटरमध्ये पाण्यात मिसळून घालत.

गोठ्याच्या एका अंगाला जीप उभी असायची. रोज दिवस मावळायला लागला की भासरे तिथं जात. वैशाखात, जमिनीतून वाफा निघत असताना, डोक्यावर लोकरीची टोपी घालून. आधी इंजिनावर तळहात ठेवत आणि तसेच उभे राहत, तापल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसे. इंजिन निवलं की गाडीखाली सरकून रेडिएटरची तोटी सोडत. खाली आंघोळीचं जुनं, कल्हई गेलेलं घंगाळ लावलेलं असे. त्यात पाणी पडायला लागायचं. पाणी संपलं तरी ते उठत नसत. थेंब पडायचे थांबेपर्यंत गाडीखाली पडून राहत. मी चुलीपाशी बसून ते थेंब ऐकत असे. सकाळी तेच पाणी ते फडक्यातून गाळून पुन्हा गाडीत भरत.

सांजेच्या उजेडात ते पाणी मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकले. अंधारून येत होतं, गोठ्यातलं बाकी सगळं काळं पडत चाललं होतं, आणि घंगाळातलं पाणी मात्र हिरवं दिसत होतं. मांजराचे डोळे दिसतात तसं.

मी मालकांना विचारलं, "भाऊजी रोज पाणी काऊन काढतेत?"

"तिकडं बर्फात पाणी गोठते. गोठलं का फुगते, अन् इंजिनचं लोखंड तडकते. म्हणून रातच्याले काढून ठेवा लागे."

"अन् ते हिरवं?"

"ती दवा. ती घातली का पाणी गोठत नाई. इकडच्या उन्हातबी लवकर उकळत नाई, आतून जंग चढत नाई. भाऊ म्हणते."

"मग दवा घातल्यावर पाणी काढा कायले लागते?"

मालकांनी गोठ्याकडे पाहून आवाज उतरवला. म्हणाले, "हे त्याले इचारू नोको." जणू मी कधी त्यांना काही विचारू शकत होते.

घंगाळावर भासरे एक फळी ठेवत आणि फळीवर दगड. शेजारीच सासूबाईंची बाज होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. गोठ्यात जरा गारवा, म्हणून दुपारभर त्या तिथंच बसायच्या. बाजेच्या उशाशी मी त्यांच्यासाठी बादलीत पाणी भरून ठेवत असे, वर तांब्या. त्यांनी हातानं ओळखून ठेवलं होतं. झाकलेलं ते मुलाचं, उघडं ते आपलं.

त्या वैशाखात मी मुगाच्या वड्या घातल्या. पसरायला सपाट काही मिळेना. फळी चांगली रुंद होती. मी ती उचलून, धुऊन, माळवदावर नेली. वड्या वाळल्यावर परत ठेवायची, असं मनात होतं. मग कुरड्या आल्या, मग काडीवर वळलेले सरगुंडे. फळी वरच राहिली. भासऱ्यांनी दोनदा शोधली, हे मला आतून दिसलं. पण त्यांनी कुणाला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सांगणार कसं? घंगाळ उघडं राहायला लागलं.

आधी कुत्रं गेलं.

आमचं तांबडं कुत्रं होतं, दारात पडून असायचं. एका सकाळी ते चालत आलं तेव्हा त्याचे मागचे पाय एका बाजूला जात होते, जमीन तिरपी झाल्यासारखे. ते भिंतीपाशी गेलं, भिंतीकडे बघत उभं राहिलं आणि शेपूट हलवायला लागलं. तिथं कुणी नव्हतं. बराच वेळ ते त्या रिकाम्या भिंतीला शेपूट हलवत होतं. दुसऱ्या दिवशी ते अगदी पहिल्यासारखं झालं, भाकरी खाल्ली, गल्लीतल्या लेकरांच्या मागं धावलं. तिसऱ्या दिवशी निपचित पडलं ते पुन्हा उठलं नाही.

आठ दिवसांनी शेळी. तशीच झोकांड्या खात आली, कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बरी. तिसऱ्या दिवशी मेली. गोठा मीच झाडत असे, म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शेळीच्या खालची जमीन दीड दिवस कोरडी होती. एक थेंब ओल नाही.

शेजारच्या म्हातारीनं सासूबाईंच्या कानाशी लागून सांगितलं, "फौजेतून तुया पोराच्या मागं काईतरी आलं हाये व. पयले जनावरं नेते. मंग..." पुढचं तिनं सांगितलं नाही. सासूबाईंनी देवीला नारळ कबूल केला, आणि मला दटावलं, "त्याच्या कानावर जाऊ देऊ नोको. आदीच त्याचं मन थाऱ्यावर नाई." भासरे दिवसभर मळ्यात असत. कुत्रं पोटात रोग होऊन मेलं आणि शेळीला साप चावला, असं आम्ही त्यांना सांगितलं.

मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू? दिवस मावळला की गोठ्यात जायला नको वाटायचं.

त्यानंतरच्या आठवड्यात मालक बियाणं आणायला खामगावला गेले. गाडीचं टायर गेलं होतं, म्हणून जीप तीन दिवस जागची हलली नव्हती आणि हिरवं पाणी घंगाळातच होतं. दुपारी जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते. गोठ्यातून गाण्याचा आवाज आला.

सासूबाई हळदीचं गाणं म्हणत होत्या. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून त्यांनी अभंगाशिवाय काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी हात पुसत गेले. त्या बाजेवरून उठल्या होत्या. मला बघून, म्हणजे माझ्या पावलांच्या दिशेनं, हसल्या.

"कोणं गूळ घातला व पाण्यात? लय गोड लागलं. अर्दा तांब्या पेली मी."

मग त्या माझ्याकडे चालायला लागल्या. पाय एका बाजूला जात होते. जमीन तिरपी झाल्यासारखे. त्या भिंतीपाशी पोचल्या, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मान हलवून, हसून, कुणाला तरी "बसा की" म्हणाल्या.

ते हुबेहूब कुत्र्याचं चालणं होतं.

मी तांब्या उचलला. तळाशी हिरवं होतं. बादली भरलेली, तिला हात लागला नव्हता. तेव्हा कुठं मला भूत, देवी, साप, सगळं सोडून ती फळी आठवली.

मी पळत सुटले. भासरे मळ्यात विहिरीपाशी मोट दुरुस्त करत होते. मला येताना पाहून ते रीतीप्रमाणे पाठ वळवून उभे राहिले. मी त्यांच्या पाठीशी बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, तुमचं हिरवं पाणी आत्याबाई पेल्या."

ते वळले. त्यांचा चेहरा मी असा समोरून कधी पाहिलाच नव्हता. वाटलं होतं त्यापेक्षा खूप तरुण माणूस होता तो.

"कवा?"

"आत्ताच. घटकाभर झालं असेल. अर्धा तांब्या."

"डुलून राह्यली?"

"हो. अन् कुत्रं बी तसंच डुलत होतं. शेळी बी. तिसऱ्या दिवशी मेली."

त्यांनी हातातलं खाली टाकलं. "कुत्र्याचं मले कोणंच काऊन नाई सांगतलं?" एवढंच म्हणाले आणि धावले.

टायर फाटकं होतं, त्यातच त्यांनी हवा भरली. गाडीत पाणी नव्हतं. घंगाळाला लाथ मारून त्यांनी ते आडवं केलं आणि विहिरीचं साधं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. सासूबाईंना मी मागच्या बाकावर मांडीवर घेऊन बसले. मेहकर दहाएक मैल. मधे दोनदा रेडिएटर उकळला, पुढून वाफ आली. दोन्ही वेळा त्यांनी गाडी थांबवून, झाकणावर ओलं पोतं टाकून, हात भाजून घेत पाणी घातलं. दुसऱ्यांदा थांबलो तिथं झाड नव्हतं. सासूबाई उन्हात कुडकुडत होत्या. "थंडी वाजते," म्हणत होत्या. भासऱ्यांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढून त्यांना घातली.

वाफ बसायची वाट बघताना, माझ्याकडे न बघता, ते बोलले.

"तिकडं आमी तिघं एका तंबूत होतो. बर्फानं रस्ता बंद. रम संपली. त्यातल्या दोघाइनं मायाच गाडीतली दवा काढून पेली. गोड लागते, नशा चढते. मले कळू नाई म्हणून रेडिएटरमंदी सादं पाणी भरलं. मी भरवशावर रायलो, दवा हाये म्हणून. रात्रीतून पाणी गोठलं अन् इंजिन तडकलं. तिसऱ्या दिवशी एकाची लघवी बंद झाली. त्याले खाली दवाखान्यात न्याले ती एकच गाडी होती."

"मग?"

"मंग काय. तो तंबूत मेला. मी गाडीखाली होतो, तडकलेलं लोखंड जोडून राह्यलो होतो. लोखंड असं जुडते का कुठी? पण मी गाडीखालून निंगालोच नाई."

मी विचारलं, "अन् दुसरा?"

ते झाकण फिरवता फिरवता थांबले. "दुसरा वाचला." मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "त्यानं कुठी तरी बाटली लपून ठेवली होती. दवा पेल्यावर दोन दिवस रम पेतच होता तो."

मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टर नागपूरकडचे, तरुण होते. भासऱ्यांनी त्यांना सगळं सांगितलं, तंबूतल्या दोघांसकट. डॉक्टरांनी नळी घालून सासूबाईंचं पोट धुतलं. मग हात पुसत बाहेर आले आणि भासऱ्यांना पुन्हा विचारलं, "वाचला तो नंतर रम पीत होता, हे नक्की?"

"हाव. नक्की."

डॉक्टर म्हणाले, "गावठी दारूतलं विषारी स्पिरिट पिऊन लोक येतात माझ्याकडे. त्यांना चांगली दारू देतात. शरीर आधी ती पचवत बसतं, तोवर विष तसंच लघवीवाटे निघून जातं. हे विष त्याच जातीचं असेल तर याच मार्गानं जावं लागेल. खात्री देत नाही. पण दुसरं माझ्याकडे काही नाही."

दवाखान्याच्या कपाटात औषधाची ब्रँडी होती. ती द्यायची, दर तासाला, मापून, दोन-तीन दिवस. कुणी पाजायची? नर्सबाई एक, खाटा बारा. मी पाजली. आधी गळ्यातली माळ काढायला हवी होती. जन्मभर जिनं कांदा-लसूण खाल्ला नाही, तिच्या गळ्यातली तुळशीची माळ मी काढली, पदराच्या गाठीला बांधली आणि चमच्यानं तिच्या तोंडात दारू घातली. पहिल्या चमच्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. पुढं पुढं त्या तोंड उघडून वाट बघायच्या. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घडलं. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. भासरे दाराशी भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई सकाळपासून गुंगीत होत्या. एकाएकी त्यांनी मान उचलली आणि दाराकडे तोंड केलं.

"तो पोरगा कवाचा बाहीर उभा हाये," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शुद्धीतला होता. "थंडीनं काकडून राह्यला. त्याले आत घे ना रे."

दारात कुणी नव्हतं. व्हरांडा रिकामा होता, पलीकडे कडुलिंबाखाली आमची जीप.

मी आजही स्वतःला समजावते की गाडीत त्या माझ्या मांडीवर होत्या, भासरे बोलत होते ते त्यांच्या कानावर पडलं असेल, वर पोटात ब्रँडी. पण त्या वेळी माझ्या मनात हे आलं नाही. मी चमचा खाली ठेवला आणि दाराकडे बघत राहिले. भासऱ्यांनी मात्र मागं वळून पाहिलं नाही. ते उठले, दाराचं दुसरं पान उघडलं, आणि बाजूला झाले. कुणाला वाट द्यावी तसे. मग एका रिकाम्या खाटेवरचं कांबळं घेऊन ते दाराजवळच्या बाकावर पसरून ठेवलं आणि त्या बाकापाशी खाली बसले. खांदे हलत होते. नर्सबाई आल्या, त्यांनी पाहिलं, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. सासूबाई "हं" म्हणून झोपल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लघवी झाली. थोडीच, पण झाली. डॉक्टरांनी काचेचं भांडं उजेडात धरून पाहिलं आणि पोरासारखे हसले. दुपारी पुन्हा झाली. आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. सासूबाईंना पायांवर सूज राहिली, जेवण अळणी झालं, पण पुढं सहा वर्षं त्या जगल्या. माळेचा विषय त्यांनीच काढला. मी सगळं सांगितल्यावर बराच वेळ गळा चाचपत बसल्या, मग म्हणाल्या, "देवाले समजते व. घाल वापस."

फळीचं मी भासऱ्यांना सांगितलं. आता बोलायला लागले होते, तर सगळं बोलायचं ठरवलं. ते ऐकून म्हणाले, "फळीनं काय होते, बाई. मी सांगाले पायजे होतं, आत काय हाये ते. मीबी सांगतलं नाई, तुमीबी सांगतलं नाई." उरलेली दवा त्यांनी मळ्याच्या पार टोकाला, विहिरीपासून लांब, छातीभर खड्डा खणून पुरली आणि वर काटे रचले. जीप खामगावच्या एका व्यापाऱ्याला विकली. आम्ही पुन्हा बैलगाडीनं बाजाराला जाऊ लागलो. त्यांच्याशी मी तोंडावर बोलते, यावरून गावात कुजबुज झाली. सासूबाईंनी ती एका वाक्यात बंद केली. "ती बोल्ली म्हणून मी हाये," म्हणायच्या.

दिवाळी झाल्यावर भासरे उत्तरेला गेले. त्या मेलेल्या सोबत्याचं गाव शोधत. पत्ता अर्धामुर्धा होता. फौजेनं घरी कळवलं होतं ते इतकंच, की आजारानं गेला. एकोणीस दिवसांनी परत आले. दाढी वाढलेली, डोळे शांत. हातपाय धुऊन ओसरीवर बसले. सासूबाईंनी विचारलं, भेटले का त्याचे लोक?

"माय हाये त्याची. बाप नाई. दोन दिवस ठेवून घेतलं मले. जाऊच देत नव्हती."

"सांगतलं तिले, कसा गेला ते?"

"आजारानंच गेला म्हणून सांगतलं. तिनं दुसरं इचारलंच नाई काई. एकच इचारे, फिरून फिरून. शेवटी त्याच्यापाशी कोण होतं."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला होता. तो त्यांनी उचलला नाही.

"म्या सांगतलं, मी होतो. त्याचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलो होतो."

सासूबाईंनी हात पुढं करून चाचपडत त्यांचा गुडघा शोधला आणि तिथंच ठेवला.